मशीन गूं गूं करते, पण फिरत नाही

दिवा लागलेला असतो, टायमरची टिकटिक चालू असते, आतून मोटरचा घुमल्यासारखा आवाज येत असतो आणि कपडे मात्र जागचे हलत नाहीत. वॉशिंग मशीनची ही नेहमीची तक्रार आहे आणि तिचे निदानही वरचेवर चुकते. जबलपुरात मिस्त्री येतो, क्षणभर कान देतो आणि सांगतो, "मोटर गई, आंटी." मोटर महाग असते, तिच्या किमतीत थोडी भर घातली की नवी मशीन येते, असा हिशेब मग घरात सुरू होतो. अशा वेळी मोटर खरोखर जळालेली असेलच असे मुळीच नाही. पूर्णपणे गेलेली मोटर सहसा गप्प असते, नाहीतर जळका वास देते. जी घुमते आहे तिच्यापर्यंत वीज पोचलेली आहे. तिला फिरायचे आहे आणि काहीतरी तिला फिरू देत नाही. ते काहीतरी काय आहे, हे बऱ्याचदा घरच्या घरी, एका स्क्रू ड्रायव्हरच्या आणि टॉर्चच्या मदतीने शोधता येते.

सर्वांत आधी एक काम करा: घुमणारी मशीन लगेच बंद करा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते, आणि तो सगळा तिच्या तांब्याच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन साठतो. "थोडा वेळ चालू ठेवून बघू, फिरेल" असे म्हणत पाच मिनिटे वाट पाहिली, तर चांगली मोटर खरोखरच जळते. दहा सेकंदांत फिरली नाही तर बटण बंद, आणि पाठोपाठ प्लगही बाहेर. नुसते बटण बंद करून मशीनच्या पाठीमागे हात घालू नका. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते, आणि बटण बंद असतानाही आतल्या तारांत वीज असू शकते. मोटर खूप तापलेली असेल तर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. बऱ्याच मोटरींच्या वेटोळ्यांत उष्णतेने आपोआप तुटणारा एक संरक्षक बसवलेला असतो आणि थंड झाल्यावर तो पुन्हा जुळतो. तापलेल्या अवस्थेत गप्प बसलेल्या मोटरीला मेलेली ठरवण्याची घाई त्यामुळे करू नये.

जबलपूर हे फिटरांचे शहर आहे. 1904 साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, पुढे खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी आली, 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली आणि शक्तिमान ट्रक तिथून बाहेर पडू लागले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे राहणाऱ्या मराठी घरांमध्ये या कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या घरांची भर पडली. त्यामुळे रांझी किंवा अधारतालच्या गल्लीत एखादे निवृत्त फिटर काका सहज भेटतात. त्यांची दोष शोधण्याची रीत मला फार मोलाची वाटते, आणि हा सारा लेख तिच्यावरच उभा आहे. मोटरपासून कामाच्या जागेपर्यंत ताकद ज्या वाटेने जाते तिचा एकेक दुवा सोडवायचा आणि प्रत्येक दुवा सुटा असताना हाताने फिरवून बघायचा. जो दुवा सुटा असतानाही फिरत नाही, दोष तिथे. भाग बदलण्याची गोष्ट त्यानंतर.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये ही वाट समजायला सोपी आहे, आणि इथल्या बऱ्याच घरांत अजून सेमी ऑटोमॅटिकच आहे. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, दाब कमी-जास्त असतो, बादलीने पाणी भरता आले तर बरे पडते. या मशीनमध्ये दोन स्वतंत्र मोटरी असतात. धुण्याच्या मोटरीवर एक छोटी पुली, तिच्यावरून रबरी पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोठी पुली, मोठ्या पुलीच्या वर गिअर बॉक्स किंवा साधा दांडा आणि त्याच्या डोक्यावर टबातली ती फिरणारी चकती, पल्सेटर. ड्रायरच्या बाजूला पट्टा नसतो. तिथे मोटर टबाच्या बरोबर खाली उभी असते आणि मधल्या कपलिंगने टबाच्या दांड्याला थेट जोडलेली असते.

धुण्याच्या बाजूचा दोष शोधताना प्लग काढून, टब रिकामा करून, पल्सेटर हाताने दोन्ही दिशांना फिरवा. थोडा जड पण एकसारखा फिरला पाहिजे. जागोजागी अटकत असेल, करकर वाजत असेल किंवा अजिबात हलत नसेल, तर अडथळा वरच आहे. पल्सेटरच्या मधले प्लास्टिकचे टोपण काढा. खाली एक स्क्रू असतो. तो सोडवला की पल्सेटर वर येतो. वर्षानुवर्षे न काढलेला पल्सेटर सहजी येत नाही. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरने कड उचकटू नका, प्लास्टिक फुटते. दोन मजबूत नाड्या समोरासमोरच्या कडांखालून सरकवा आणि दोन्ही एकदम सरळ वर ओढा. खाली काय सापडेल ते सांगता येत नाही: रुपयाचे नाणे, केसांची पिन, बाळाचा मोजा, कपड्यातून निघालेली तार, आणि साबणाचा राखाडी चिखल. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा चिखल जास्त साठतो. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार होतो, तो दोऱ्या-धाग्यांना धरून दांड्याभोवती घट्ट बसतो. हे सगळे साफ करून, पल्सेटर न बसवता, वर आलेला दांडा बोटांनी फिरवून बघा. तो मोकळा फिरला तर दोष सापडला आणि एक पैसाही लागला नाही.

दांडा तरीही जड असेल तर मागचे झाकण उघडायचे. पट्टा पुलीवरून उतरवा. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या झाल्या: मोटर, पट्टा आणि वरचा गिअर बॉक्स. मोठी पुली हाताने फिरवा, मग मोटरची छोटी पुली फिरवा. सायकल उलटी करून पुढचे चाक फिरवून बघतो त्याच नजरेने बघायचे: किती वेळ फिरते, कुठे घासते, दांड्याला आडवा खुळखुळ आहे का. मोठी पुली जाम असेल तर गिअर बॉक्स किंवा त्याचे बुश गेले. दांड्याच्या खालून तेलकट तांबूस पाण्याचे ओघळ असतील तर वरचे सील गळून पाणी आत गेले आहे. मोटर जाम असेल तर तिचे बेअरिंग किंवा बुश. दोन्ही मोकळे असतील तर पट्ट्याकडे बघा. तो बोटांत वाकवला की भेगा दिसतात का, आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली आहे का, खाली काळी भुकटी पडली आहे का. पट्टा बदलायचा असेल तर जुन्याच्या पाठीवर छापलेला नंबर बघून तसाच आणा, "जवळपासचा चालेल" असे दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. बसवल्यावर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला असता साधारण 1 सेंटीमीटर आत गेला पाहिजे. सैल असेल तर मोटरचे बोल्ट ढिले करून ती थोडी सरकवायची आणि पुन्हा आवळायची. फार ताणलाही जाऊ नये, नाहीतर बेअरिंगवर भार येतो.

इथे आवाजांतला एक फरक कानात ठेवण्यासारखा आहे. पट्टा तुटला किंवा घसरला असेल तर मोटर घुमत नाही, ती हलकी होऊन सुळसुळ फिरते आणि पल्सेटर स्थिर राहतो. मोटर अडकली असेल किंवा तिला जोर मिळत नसेल तर जड गूं ऐकू येते. आवाज सुळसुळीत असेल तर दोष मोटरच्या पुढच्या वाटेवर. गूं असेल तर मोटरीच्या सुरू होण्यात किंवा तिच्यावरच्या भारात.

पट्टा उतरवलेला आहे, दोन्ही पुल्या हाताला मोकळ्या लागतात, आणि तरी मोटर नुसतीच घुमते. आता संशय कपॅसिटरवर. इथले मिस्त्री त्याला कंडेन्सर म्हणतात. घरात येणारी वीज एका फेजची असते आणि तिच्यावर मोटर स्वतःहून सुरू होऊ शकत नाही, कारण तिचे चुंबकी क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होते, गोल फिरत नाही. म्हणून मोटरमध्ये दुसरे वेटोळे देतात आणि कपॅसिटरच्या साहाय्याने त्यातला करंट थोडा पुढे सरकवतात. दोन वेटोळ्यांतल्या या फरकामुळे क्षेत्र फिरू लागते आणि मोटर उठते. कपॅसिटर निकामी झाला की वीज येते, आवाज येतो, पण फिरण्याची दिशाच मिळत नाही. मोटरीच्या मानाने कपॅसिटर फारच स्वस्त असतो. मोटर बदलून घेण्याआधी तो तपासून घेण्याचा हट्ट धरा, असे मी प्रत्येकाला सांगते.

धुण्याची मोटर दोन्ही दिशांना फिरते, आणि त्यातून एक फार उपयोगी खूण मिळते. टायमर एकच कपॅसिटर कधी या वेटोळ्याला तर कधी त्या वेटोळ्याला जोडतो. कपॅसिटर गेला असेल तर मोटर कोणत्याच दिशेला उठणार नाही. ती उजवीकडे नीट फिरते आणि डावीकडची पाळी आली की गप्प बसते, असे दिसले तर कपॅसिटर आणि मोटर दोन्ही चांगले आहेत. दोष टायमरच्या त्या बाजूच्या संपर्कात किंवा तिथल्या तारेत आहे. ही खूण मिस्त्रीला आधीच सांगितली तर त्याचाही वेळ वाचतो.

कपॅसिटर स्वतः बदलू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते आणि तिचा झटका जोराचा असतो. तो फुगला आहे का, त्याच्या बुडातून काही झिरपले आहे का, एवढे हात न लावता बघा. नवा घेताना अंगावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच हवा आणि व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त हवा. जास्त मायक्रोफॅरडचा बसवला की मोटरला जास्त ताकद मिळते, हा समज चुकीचा आहे. त्याने वेटोळे तापते. आणखी एक सवय मोडली पाहिजे: घुमणाऱ्या मशीनच्या टबाला हाताने धक्का देऊन ती चालू करणे. कपॅसिटर गेलेली मोटर धक्का दिलेल्या दिशेला पळू लागते हे खरे, पण ड्रायरचा टब क्षणात असा वेग घेतो की त्यात ओढणी, साडीचा पदर किंवा बोटे अडकून भयंकर इजा होते.

उन्हाळ्यात जबलपूरच्या घरांत गूं आवाजाचे एक वेगळेच कारण असते. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो, घरोघरी कूलर आणि एसी चालू होतात, आणि जिथे ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त असतो किंवा घर लाइनीच्या टोकाला असते तिथे व्होल्टेज पडते. या जातीच्या मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. 230 व्होल्टऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज सुमारे 22 टक्क्यांनीच कमी झालेले असते, पण मोटरचा सुरुवातीचा जोर जवळजवळ 39 टक्क्यांनी घटतो. ओल्या चादरींनी भरलेला टब तेवढ्या जोरात उठत नाही. मशीन सकाळी सहा वाजता नीट चालते आणि रात्री आठला घुमते, तर मशीन उघडू नका. स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा, किंवा वायरमनकडून त्या वेळचे व्होल्टेज मोजून घ्या. कमीच येत असेल तर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा, आणि तोवर सकाळी धुवा, कपडे थोडे कमी टाका.

ड्रायरच्या बाजूची कथा वेगळी आहे, कारण तिथे ब्रेक आहे. झाकण उघडले की टब लगेच थांबावा म्हणून टबाच्या खाली ब्रेकचा गुटका बसवलेला असतो. झाकण लावले की एक तार ताणली जाते आणि गुटका बाजूला होतो. झाकण उघडले की स्प्रिंग गुटक्याला पुन्हा दाबते. ही तार काही वर्षांत सैल पडते किंवा तुटते. मग झाकण लावूनही ब्रेक सुटत नाही, मोटर ब्रेकशी झुंजत घुमत राहते आणि जळते. तपासणे सोपे आहे. प्लग काढा. झाकण उघडे असताना टब हाताने फिरवा: घट्ट लागला पाहिजे. आता झाकणाच्या बिजागरीजवळची पट्टी, जी झाकण लावल्यावर दाबली जाते, ती बोटाने किंवा चमच्याच्या दांड्याने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने टब फिरवा: तो सहज फिरला पाहिजे. पट्टी दाबूनही घट्टच राहिला तर मागचे झाकण उघडून तार बघा. बहुधा ती हुकातून निसटलेली किंवा लांबलेली दिसेल, आणि एखादी खाच पुढे अडकवली की काम होते.

टब मोकळा फिरतो, पण ड्रायर चालू केला की मशीन हादरते, खडखडते, तर कपलिंगचे बोल्ट ढिले झाले आहेत का बघा. मोटर ज्या तीन रबरी पायांवर उभी असते त्यांतला एखादा बसला असेल तरीही टब डोलतो. आणि ड्रायरच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, प्रत्येक धुण्यानंतर पाण्याचे छोटे तळे साचत असेल तर ती गळती अजिबात चालवून घेऊ नका. टबाच्या दांड्याभोवतीचे रबरी सील फाटले की साबणाचे पाणी थेंब थेंब खालच्या मोटरीवर पडते. सील अगदी स्वस्त असते. ते वेळेवर न बदलल्यामुळे जळालेल्या मोटरी मी बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण जमिनीवरचे ते पाणी महिनोन्‌महिने सांगत असते.

वरून कपडे टाकायच्या फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये एकच मोटर दोन्ही कामे करते. बहुतेक मॉडेलांत एक छोटी ड्रेन मोटर तार ओढून पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडते आणि त्याच ओढीने क्लचचा दांडाही सरकवते. त्यामुळे पाणीही निघत नाही आणि ड्रायरही फिरत नाही, असे दोन दोष एकदम दिसले तर दोन भाग बिघडलेले नसतात. व्हॉल्व्हमध्ये अडकलेले कपड्याचे बटण किंवा थकलेली ड्रेन मोटर एवढेच कारण असू शकते. पाणी नीट निघाले आणि मग टब फिरेना, तर आधी कपडे एका बाजूला गोळा झालेत का बघा, मग झाकणाचा स्विच. डायरेक्ट ड्राइव्ह जातीच्या मशीनला पट्टा नसतो. तिच्यावर वर सांगितलेली पट्ट्याची तपासणी लागू होत नाही आणि ती घरी उघडूही नये.

फ्रंट लोडसाठी दोनच गोष्टी सांगते. पाणी निघत नसेल तर खालच्या छोट्या दाराआडचा पंपाचा फिल्टर उघडा, आधी शेजारच्या बारीक नळीतून पाणी परातीत काढून. नाणी आणि पिना तिथेच सापडतात. आणि बदली होऊन नव्या घरी आल्यावर मशीन वेड्यासारखी उड्या मारत असेल, तर वाहतुकीसाठी मागून लावलेले लांब बोल्ट काढायचे राहिले आहेत का बघा. त्यांच्यासह चालवलेली मशीन फार लवकर मोडते. ड्रम रिकामा असताना हाताने वर-खाली ढकलून पाहावा. आतला ड्रम बाहेरच्या टबापासून वेगळा खुळखुळत असेल आणि ड्रायरच्या वेळी विमानासारखी घरघर वाढत जात असेल, तर बेअरिंग गेले. हे काम मोठे आणि खर्चिक आहे. काही मॉडेलांत टब सांधून बंद केलेला असतो आणि पूर्ण टबच बदलावा लागतो. तिथे नव्या मशीनचा विचार रास्त आहे.

पावसाळ्यात मशीन बंद पडली तर उघडण्याआधी खालून टॉर्च मारा. सेमी ऑटोमॅटिकचे बूड बऱ्याचदा उघडे असते, अंगणातला उंदीर कोरडी जागा शोधत आत शिरतो आणि पट्टा व तारा कुरतडतो. कुरतडलेली तार दिसली तर प्लग पुन्हा लावूच नका. बुडाला बारीक लोखंडी जाळी बसवून घ्या, मात्र हवा खेळती राहील अशी. मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी सगळे सोडून आधी अर्थिंग तपासून घ्या.

मिस्त्रीला बोलावताना "मशीन चालत नाही" एवढेच सांगू नका. सांगा की पट्टा उतरवल्यावर मोटर हाताला मोकळी आहे, ब्रेक सुटतो आहे, दोन्ही दिशांना उठत नाही, व्होल्टेज 225 आहे. "भैया, पहले कंडेन्सर बदलकर देख लीजिए, मोटर बाद में" असे शांतपणे म्हणा. जाणकार मिस्त्री याने रागावत नाही. मोटर बदललीच तर जुनी मोटर आणि तिचे बिल मागून घ्या. तांब्याचे वेटोळे असलेली जुनी मोटर भंगारातही किंमत देते, आणि शहरात ती पुन्हा गुंडाळून देणारेही आहेत. वॉरंटीत असलेल्या मशीनचे झाकण मात्र स्वतः उघडू नका. कंपनीकडून दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे तक्रार नोंदवताना बिल, मॉडेल नंबर आणि मिस्त्री कोणत्या तारखांना येऊन काय करून गेला याची टिपणे हाताशी ठेवा.